जेवणाआधी चोक नाही

आमच्या ह्यांना गॅरेजमध्ये सगळे कानसेन म्हणायचे. खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. जुनी कार्बोरेटरवाली गाडी आली की हे बॉनेट उघडायचे, इंजिन सुरू करायला सांगायचे, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे. "तिसरा प्लग काळा झालाय." काढून बघावा तर काळाच. लग्न ठरवताना माझ्या आईला कुणीतरी सांगितलं होतं, मुलगा सगळं शांतपणे ऐकून घेणारा आहे. आई हरखली. फक्त इंजिनाचं ऐकून घेतो, एवढं सांगायचं राहून गेलं.

पहिल्या वर्षाच्या एका सुट्टीच्या दिवशी ह्यांनी जेवायच्या टेबलावर एक जुना कार्बोरेटर आणि गाडीची बॅटरी आणून ठेवली. टेबलावर मी त्याच सकाळी धुतलेलं पांढरं कापड घातलं होतं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "बस इथे. तुला एक गंमत दाखवतो."

गंमत म्हणजे इलेक्ट्रिक चोक. दुसऱ्या बायकांना नवरे फिरायला नेत होते. मला हा चोक मिळाला.

"हे बघ," हे सांगू लागले, "इंजिन गार असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही. मग त्याला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. म्हणून हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या ह्या कार्बोरेटरच्या तोंडाशी ही पत्र्याची झडप. मिटली की हवा कमी. हाच चोक. अगदी जुन्या गाड्यांना ड्रायव्हरसमोर एक बटण असायचं, ते ओढलं की झडप मिटायची. इंजिन गरम झाल्यावर ते परत आत ढकलायचं. पण लोक विसरायचे. झडप मिटलेलीच राहायची, मागून काळा धूर, पेट्रोलचा सत्यानाश, प्लग काजळून बाद."

"मग?"

"मग ही टोपी आली." कार्बोरेटरच्या कुशीला एक काळी गोल टोपी होती, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी. तीन स्क्रू काढून त्यांनी ती उघडली. आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी. "ह्या खरं तर दोन पट्ट्या आहेत, दोन वेगळ्या धातूंच्या, पाठीला पाठ लावून कायमच्या जोडलेल्या. तापल्या की एक जास्त वाढते, दुसरी कमी. पण जोडलेल्या आहेत, जाणार कुठे? मग सगळी गुंडाळीच फिरते आणि झडप उघडते."

"नवरा-बायकोच म्हणा की," मी म्हटलं. हे हसले. तेव्हा ह्यांना माझं सगळं ऐकू यायचं आणि हसूही यायचं.

"तापवतं कोण?" मी विचारलं.

"वीज. गाडी सुरू झाली की ह्या वायरीतून करंट येतो, टोपीच्या आतली तार तापते, पट्टी हळूहळू फिरते, दोन-तीन मिनिटांत झडप उघडी. माणूस विसरला तरी ही विसरत नाही." बॅटरीच्या वायरी त्यांनी टोपीला लावल्या. आम्ही दोघं टक लावून बसलो. आधी काहीच होईना. मग झडप हलली, एवढीशी, आणि पुढे अगदी निवांत उघडत गेली. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, आवडलं का म्हणून. खोटं कशाला बोलू, आवडलं. टेबलावरच्या कापडाला तेलाचा गोल डाग पडला तो कधीच गेला नाही.

खरं कसब टोपी बसवण्यात असतं. स्क्रू ढिले करून ती एक खूण इकडे फिरवली की चोक उशिरा उघडतो, तिकडे फिरवली की लवकर. उशिरा उघडला तर इंजिन जड, गुदमरल्यासारखं चालतं. लवकर उघडला तर खोकतं आणि बंद पडतं. पुस्तकात खूण दिलेली असते, पण तीस-चाळीस वर्षं जुन्या गाडीला पुस्तक कोण विचारतो? तिथे कानच लागतो. आणि तो ह्यांच्याकडे होता.

होता. पत्र्याच्या छपराखाली, हवेच्या कॉम्प्रेसरशेजारी पंचवीस वर्षं काढल्यावर कुणाचा राहील? मला कळायला उशीर झाला, कारण हे लबाड होते. परगावी असलेल्या लेकीचा फोन आला की दोन वाक्यांत माझ्या हातात द्यायचे. "तूच बोल, मला कामं पडलीत." मी वर्षभर समजत होते, बापाला लेकीची माया उरली नाही. दोनदा त्यावरून भांडलेसुद्धा. मग एकदा दाराची बेल वाजत होती आणि हे दारालाच टेकून बूट घालत होते. बेल तीनदा वाजली. ह्यांनी शांतपणे नाडी बांधली. मी स्वयंपाकघराच्या दारात पिठाने भरल्या हातांनी उभी राहून बघत होते.

"डॉक्टरकडे जाऊ," मी तोंडासमोर येऊन म्हटलं. "कानात घालायचं यंत्र मिळतं आता, छोटंसं."

"कानात यंत्र घालून गॅरेजमध्ये जाऊ?" हे म्हणाले. "कानसेन म्हणे! पहिल्याच दिवशी हाकलतील." तो विषय तिथे संपला. ह्यांच्याकडे विषय संपवायची एक पद्धत होती, मान फिरवायची. आता तर मान फिरवली की खरोखरच काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे सोयच झाली.

गॅरेज घरापासून दोन गल्ल्या सोडून. डबा विसरला म्हणून एकदा मीच दुपारी घेऊन गेले. एक निळी गाडी सुरू होती, हे बॉनेटवर वाकलेले, गॅरेजचे मालक आणि गिऱ्हाईक समोर. इंजिन खोकत होतं. मला, दारात उभ्या असलेल्या बाईला, ते साफ ऐकू येत होतं. आणि हे गिऱ्हाइकाकडे बघून हसत होते, समाधानाने, "झालं बघा" म्हणत. ह्यांची नजर माझ्याकडे गेली. माझ्या हातात डब्याचं झाकण होतं, रस्सा सांडलाय का ते बघायला काढलेलं. मी ते नुसतं खाली नेलं. कसं सुचलं, देव जाणे. ह्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, स्क्रू ढिला केला, टोपी एक खूण फिरवली. इंजिन सावरलं. मी झाकण डब्यावर बसवलं.

घरी आल्यावर मला वाटलं, आता बोलतील. हे म्हणाले, "भाजीला मीठ कमी होतं." बस्स. पण दुसऱ्या दिवशी निघताना डबा नेलाच नाही. "तू आण दुपारी. गरम बरं लागतं."

तेव्हापासून अकरा वर्षं मी डबा नेला. आमच्यात ह्याबद्दल एका शब्दानेही बोलणं झालं नाही. खुणा आपोआप ठरत गेल्या. झाकण वर, म्हणजे आवाज जड आहे, चोक लवकर उघडू द्या. झाकण खाली, म्हणजे खोकतंय, थोडा उशिरा उघडू द्या. झाकणावर बोटं वाजवली, म्हणजे वेगळाच काहीतरी आवाज येतोय, शोधा. झाकण डब्यावर बसवलं, म्हणजे झालं. वेग कमी-जास्त झालेला ह्यांना मडगार्डवर तळहात ठेवून कळायचा, बाकीचं माझ्याकडून. चोक गार इंजिनावरच बसवावा लागतो, म्हणून ह्यांनी नियम करून टाकला की गाडी आदल्या दिवशी आणून ठेवायची, सकाळी कुणी तिला हात लावायचा नाही, आणि जेवणाआधी चोक नाही. म्हणजे माझा डबा दारात दिसेपर्यंत नाही. लोकांना वाटे, मोठ्या कारागिराची लहर. मालक नव्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "आमचे मिस्त्री भुकेल्या पोटीच ऐकतात. पोट भरलं की कान जड होतात म्हणे." मी दारात उभी राहून ऐकायची आणि गालातल्या गालात हसायची. हसायचं नाही तर काय करायचं? ताप आला तरी मी गेले. लेकीच्या बाळंतपणाला गेले, तिथूनही चार दिवसांत परत आले. लेक अजून ते बोलून दाखवते, आणि तिचं काही चुकत नाही.

मला कौतुक नको होतं. हे मी आता म्हणते, तेव्हाही म्हणायची. पण अकरा वर्षांत एकदा, निदान घरात, दार लावून, "तू होतीस म्हणून" एवढं तरी? नाही. उलट दिवसेंदिवस ह्यांना खरंच वाटायला लागलं की कान आपलेच आहेत.

मग ते औषधवाले आले. शहरात त्यांची औषधांची मोठी वखार. वडिलांची जुनी गाडी त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपलेली. ती रस्त्यावर चालवतसुद्धा नसत, ट्रकवर चढवून आणायची आणि ट्रकवरूनच न्यायची. जुन्या गाड्यांची वर्षातून एकदा मिरवणूक निघायची, त्यात त्या वर्षी त्यांची गाडी सगळ्यात पुढे राहणार होती. ह्यांनी कार्बोरेटर उतरवून साफ केला, परत बसवला, आणि चोक माझ्यासाठी, म्हणजे जेवणासाठी, राखून ठेवला.

मी पोचले तेव्हा चांगले सात-आठ लोक जमले होते. औषधवाले हसतमुख माणूस. मला बघून म्हणाले, "वहिनी रोज इथे उभ्या असतात. एव्हाना निम्म्या मिस्त्री झाल्या असतील!"

औषधवाले समोर होते आणि मोठ्याने बोलले होते, म्हणून ह्यांना कळलं. ह्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "हिला काय कळतंय त्यातलं? डबा घेऊन येते. अहो, भिंतीलाही कान असतात. म्हणून भिंतीला मिस्त्री म्हणायचं का?"

सगळे खो खो हसले. मालक तर खुर्चीवर हात आपटून हसले. हे माझ्याकडे बघून तेच निळ्या गाडीच्या दिवशीचं समाधानाचं हसू हसत होते. आणि लगेच, हसता हसताच, ह्यांनी गाडी सुरू करायची खूण केली आणि नजर माझ्या झाकणावर लावली. जणू काही झालंच नव्हतं. मला त्या हसण्यापेक्षा त्या नजरेचा राग आला.

इंजिन सुरू झालं. आणि मला ऐकू आलं. सीऽऽ अशी बारीक, कोरडी शीळ, कार्बोरेटरच्या बुडाकडून. तिथे सांध्यातून हवा जाऊ नये म्हणून एक पातळ गॅस्केट असतं, ते बसवताना सरकलं होतं आणि फटीतून जादा हवा आत जात होती. ह्यांनीच मला शिकवलेलं: अशी शीळ आली की चोकला हात लावायचा नाही, आधी कार्बोरेटर उतरवायचा. पण शीळ तळहाताला कळत नाही. हाताखाली फक्त इंजिन थरथरतंय एवढंच ह्यांना लागत होतं. ह्यांनी टोपी एक खूण फिरवली, पेट्रोल वाढवलं. थरथर कमी झाली. आणखी एक खूण. इंजिन गप्प, गुळगुळीत. शीळ तशीच.

मी बोटं वाजवली नाहीत.

मी झाकण डब्यावर बसवलं आणि वरून दाबलं. झालं. ह्यांनी गाडी बंद करायला लावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गाडी ट्रकवर चढली. माझ्या मनात एवढंच होतं की दोन दिवसांनी तक्रार येईल, हे परत बॉनेट उघडतील आणि माझ्याकडे बघतील. तेव्हा मी भिंतीसारखी उभी राहीन. एकदा कळू दे म्हटलं भिंत काय असते ते.

ट्रकवरून गाडी थेट मिरवणुकीत उतरेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. रागाला एवढं लांबचं दिसत नाही.

गार इंजिनावर गाडी झकास सुरू झाली म्हणे. चोक मिटलेला, पेट्रोल भरपूर, फटीचा पत्ता कुणाला लागणार? टोपी दोन खुणा उशिराकडे फिरवलेली, म्हणून बँडच्या मागे पाच-सहा मिनिटं ऐटीत चालली. मग वीज तिचं काम करत गेली, पट्टी तापली, झडप पूर्ण उघडली, आणि फटीतली हवा उघडी पडली. नेमकी चढावर. इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं. गाडी मागे घरंगळली ती मागच्या गाडीवर. कुणाला लागलं नाही, नशीब. दोन दिवे फुटले आणि औषधवाल्यांच्या वडिलांच्या गाडीचा मागचा पत्रा आत गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक मोबाइल धरून उभे होते. तिथल्याच कुणा मिस्त्रीने गाडी कशीबशी सुरू करून बघितली आणि चार हात लांब उभा राहूनच म्हणाला, "गॅस्केट बसलं नाही. ही शीळ तर बहिऱ्यालाही ऐकू येईल!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा मालक आणि औषधवाले दोघं उभे होते. कामगार हातातली कामं टाकून बघत होते. हे एका गाडीच्या चाकापाशी बसलेले, पाठ त्यांच्याकडे. मालकांनी फळीवरचा मोठा पाना उचलला आणि ह्यांच्या पाठीमागे, उजवीकडे, फरशीवर टाकला. मी दचकले. हे बोल्ट घट्ट करत होते, करत राहिले.

मालकांनी दुसरा पाना उचलला. हे सहज वर बघायला आणि मी दारात दिसायला एकच गाठ पडली. पाना पडला. माझी बोटं झाकणावर आपोआप वाजली. अकरा वर्षांची सवय, मी नाही वाजवली, वाजली. हे झटकन उठले आणि वळले. डावीकडे. आवाज आहे एवढं झाकण सांगतं, कुठून ते सांगत नाही. हे रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "काय पडलं?"

मालकांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग परत ह्यांच्याकडे. मालक मूर्ख नव्हते. दारातल्या माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. इतकी वर्षं आमच्या गाड्या ऐकत कोण होतं?"

एक शब्द बोलायचा होता. मी. त्या एका शब्दासाठी मी किती वर्षं जीव जाळला होता. समोर हे उभे होते, हातात पाना, माझ्या ओठांकडे बघत. साठीला आलेला माणूस, पण वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखा चेहरा. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला एवढंच वाटलं, बहिरा म्हणून जाऊ दे, पण बायकोच्या कानांवर जगला म्हणून नको. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? मी आपली डबा घेऊन येते."

वाक्य ह्यांचंच होतं. परवाच सगळ्यांनी ऐकलेलं, भिंतीच्या विनोदासकट. एक कामगार फिसकन हसला. मग दुसरा. औषधवाल्यांनासुद्धा तोंड फिरवावं लागलं. मी ज्यांना झाकायला गेले त्यांना उघडंच पाडलं. आणि ह्यांना दिसलं ते एवढंच: मालकांनी बायकोला काहीतरी विचारलं, बायकोने मोठ्याने सांगितलं, आणि सगळं गॅरेज हसलं.

मालक वाईट वागले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता विश्रांती घ्या. ते ह्यांना न ऐकताही कळलं. हे डगला काढून खुंटीला लावून आले, वाटेत माझ्याकडे बघितलं नाही.

घरी हे टेबलाशी बसले. "काय सांगितलंस त्यांना?"

मी सांगितलं. ओरडून सांगितलं, शेजारच्या बाई खिडकीत आल्या एवढ्या मोठ्याने. हे मान हलवत राहिले, नाही, नाही, खोटं. मग मी जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिलं: मी त्यांना म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. तुमचं नाव राखलं. कागद ह्यांच्यापुढे सरकवला. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"मग हसले का?"

मी पेन्सिल उचलली. हसले का, हे लिहायचं तर भिंत लिहावी लागते. भिंत लिहिली की शीळ लिहावी लागते. शीळ लिहिली की झाकण. मी पेन्सिल खाली ठेवली. ह्यांनी तीच खूण धरली, माझ्याकडून शिकलेले आहेत ना खुणा वाचायला. "बघ," म्हणाले. "नाही लिहिता येत."

त्याला आता दोन वर्षं झाली. लेकीने कानात घालायचं यंत्र पाठवलं, ते डबीतून निघालं नाही. "आता काय ऐकायचंय?" म्हणाले. रोज दुपारी मी जेवण वाढते, गरम. हे माझ्याकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून जेवतात. मी मागे उभी राहते आणि रोज सांगते, स्पष्ट, शब्द न गाळता.

"अहो, मला ती शीळ ऐकू आली होती."

हे पाणी पितात, पेला खाली ठेवतात आणि म्हणतात, भाजीला मीठ कमी आहे.